मुंडकं

बाबा त्याला मुंडकं म्हणायचे.
धड सोबत आलंच नव्हतं, नुसतं डोकं:
काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या,
पुढं सहा बटणं, एकाचं टोपण हरवलेलं,
मागं जाळी, जाळीआड काचेचे नऊ व्हॉल्व्ह,
चार अंगठ्याहून जाड, पाच करंगळीएवढे.

पूर्णा जंक्शन. छोटी लाइन होती तेव्हाची गोष्ट.
गार्डसाहेबांचा एडविन पारखे
सायकलच्या कॅरिअरला रबरी ट्यूबनं बांधून ते घेऊन आला.
सिकंदराबादच्या मामानं दिलेलं.
"काका, मधेच दम सोडतंय."

बाबांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले.
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधून स्पीकर मागवला
(धडाशिवाय मुंडकं चालू करायचं नाही पोरी, आतून जळतं).
एडविननं गिटार जोडली, एक तार छेडली
आणि बरण्यांतले स्क्रू थरथरले.
बाबांनी मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी.
"दमाचं बघू नंतर.
आवाज फाटायलाय रे. लईच फाटायलाय."

तीन रात्री बसले.
चौथ्या दिवशी आवाज असा आला
जशा परभणी केंद्रावरच्या सकाळच्या बातम्या.
एडविननं बाबांच्या तोंडाकडं बघितलं,
मग फरशीकडं.
"छान झालं काका." पंचेचाळीस रुपये मोजून दिले.
"राहू द्या इथंच. पुढच्या आठवड्यात नेतो."

तो आठवडा अजून यायचाय.

लाइन मोठी झाली. हॉलचं गोडाऊन झालं.
बाबा गेले, त्यांच्या मते त्यांचं सगळ्यात स्वच्छ काम
फळीवर सोडून.
मी मोबाइलच्या चार्जिंग पिना बदलते.
परवा पुण्याहून एकाचा फोन आला, फोटो पाहून:
एक लाख दहा हजार,
पण आत कुणाचा हात लागलेला नको.

म्हणून उघडलं.
आधी स्क्रूड्रायव्हरनं कॅपॅसिटरचा जीव काढला,
बंद करून तास झाला तरी ते धरून बसतात.
आत बाबांचं कथील, ज्वारीच्या दाण्यासारखं, एकसारखं.
आणि दोन तारा कापलेल्या,
टोकांना पिवळी नळी चढवून
अंथरुणात लेकराचे हात घ्यावेत तशा दुमडून ठेवलेल्या.
झाकणावर आतून पेन्सिल:
आवाज फाटत होता. काढला.
दि. खिल्लारे. ९-३-८८

एडविन फरशीकडं कामून बघत होता ते तेव्हा कळलं.
फाटण्यासाठीच तर केलेलं होतं हे यंत्र.
दम तेवढा कमी पडत होता.
आणि हे त्या माणसाला कुणी, कोणत्या तोंडानं सांगावं.

नळ्या काढल्या. तारा जोडल्या.
माझं कथील ओबडधोबड पडलं.
गिटार कुठून आणू?
जयंतीच्या पार्टीत बेंजो वाजवणाऱ्या सुमेधला हाक मारली.
दोन मिनिटं व्हॉल्व्ह नुसते लाल होत राहिले,
मग त्यानं पहिला सूर दाबला
आणि कापडवाल्यानं दातानं सुरुवात करून
कोरं मांजरपाट टरकन फाडावं,
तसं दुकान या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

दहा वाजता शेतीची लाइन आली.
नदीकाठच्या मोटारी एकदम सुरू,
दिवा बसला, काचांतला निखारा मंदावला,
आणि लांबवलेला सूर दाबून खाली गेला,
जड झाला, मग हळूहळू वर.
"ताई, हे काय झालं?"
विहिरींनी पाणी उचललं, म्हटलं.
त्यानं तोच सूर परत दाबला.

साडेदहाला पुण्याचा फोन.
"आत हात लागलाय का कुणाचा?"
लागलाय.
"किती जणांचा?"
दोघांचा.
तो गप्प. मीही.
मागं जाळीत काचा थंड होताना
टिक्, टिक् करत होत्या.