ठोक्याच्या आधी

अंबडला, शेड नंबर एकोणीसमध्ये
ग्राइंडरच्या बेअरिंगला चिकटवलेला सेन्सर
सकाळी सहा चाळीसला पहिली नोंद पाठवतो.
तेव्हा पांडवलेणीच्या डोंगरावर ऊन आलेलं नसतं
आणि मी सिडकोतल्या दोन खोल्यांत
एका हाताने डबा भरत, एका हाताने
पन्नास हर्ट्झची भुणभुण कापत असते.

ती सगळीकडे असते. वायरींत, ट्यूबलाइटमध्ये,
चोक गेलेल्या पंख्यात.
वीजमंडळाचा तंबोरा, म्हणतो आमचा बोरस्ते,
लावून ठेवलाय, गायला कुणी बसत नाही.

नव्या आवृत्तीत मी फिल्टरची कड उभी केली.
आधी उतार होता, कसारा घाटासारखा वळणावळणाचा,
नको ते आवाज रमतगमत आत यायचे.
आता थेट कडा, ब्रह्मगिरीचा.
दोन हजार एक गुणक, मी मीटिंगमध्ये सांगितलं.
साहेबांनी मान डोलावली. आलेख देखणा होता.

गांगुर्डे मामांकडे तो नेला
केवळ चहा त्यांच्या मशीनपाशी येतो म्हणून.
एकतीस वर्षं स्पिंडलला स्क्रूड्रायव्हर टेकवून
मुठीशी कान लावणारा माणूस.
बशीत फुंकर मारता मारता थांबले.
"पोरी, हा ठोका ना?"
हो.
"मग त्याच्या आधी हे काय कापतंय?"

ठोक्याच्या डावीकडे, जिथे काहीच नको होतं,
बारीक लाटा. मोठ्या होत होत
ठोक्याकडे चालत येणाऱ्या.
मला माहीत होत्या त्या. पुस्तकात पानभर आहेत:
कड जितकी उभी, थरथर तितकी लांब.
आणि मी ती न्यायाने वाटून दिली होती,
निम्मी मागे, निम्मी पुढे.

"मार बसायच्या आधी लोखंड ओरडत नाही," मामा म्हणाले.
"माणूस ओरडतं."

तीन आठवडे गेले.
थरथर सगळी ठोक्याच्या पलीकडे लोटली,
फेज वाकडी झाली, होऊ दिली.
कडा थोडा ढासळू दिला.
एका रात्री एक उणे चिन्ह विसरले
तर आलेख आभाळात गेला, परत आलाच नाही.

आवृत्ती चार पूर्णांक दोन:
क्षणिक धक्क्यांच्या नोंदीत सुधारणा.
एवढीच ओळ लिहायची असते.
बशी त्यात बसत नाही.

मग जुन्या नोंदी पुन्हा गाळून बघितल्या, सहज,
आणि अकरा मार्चला, मोठ्या ठोक्याच्या जरासा आधी
एक छोटा ठोका निघाला. खरा.
माझ्याच लाटांखाली पडून राहिलेला.
एप्रिलमध्ये ते बेअरिंग जाम झालं होतं.
ग्रीस कमी पडलं, असा शेरा आहे रजिस्टरमध्ये,
आणि खाली मामांची सही.

प्रिंट घेऊन गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.
मामांनी ती चष्मा वर करून पाहिली, घडी घातली,
आणि खिशातून स्वतःचा एक कागद काढला,
कॉलेज रोडच्या डॉक्टरने काढलेला, दोन्ही कानांचा.
दोन हजारांपर्यंत सपाट रेघ,
पुढे खाली. एकदम.
मला तो शिकवावा लागला नाही.

"यंत्र लावा म्हणतो. त्यात सगळंच ऐकू येतं म्हणे,
त्याचं काय करायचं?"

मी म्हणाले, सांगून ठेवते तुम्हाला,
त्यातही फिल्टर असतो.
हे त्यांना ऐकू गेलं का, कळलं नाही.

तेवढ्यात ग्राइंडर सुरू झाला.
मामांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, सवयीने कानापर्यंत नेला,
मग मूठ खाली घेतली,
पिवळा दांडा पुढच्या दातांत धरला
आणि पातं स्पिंडलला टेकवून डोळे मिटले.

मी लॅपटॉप उघडला.
तो अजून सुरू होत होता
तेव्हा ते दांडा पुसत म्हणाले,
"ठीक आहे. पावसाळाभर जाईल."