पाऊणकी

सत्तावीस वर्षं मी एकच वाक्य देत आले:
चंद्राच्या आकर्षणामुळे समुद्राला भरती येते.
लिहून घ्या. खाली रेघ मारा.
पोरं रेघ मारायची, पट्टीनं, सरळ,
आणि शाळा सुटली की त्याच समुद्रात
खेकडे धरायला जायची.

ट्रॉम्बेच्या आमच्या शाळेत
जूनमध्ये डिजिटल फळा बसवून गेले.
मी तो रोज फडक्यानं पुसायचे
आणि शेजारच्या काळ्यावर शिकवायचे.

मग सहावीतली जुईली वैती उभी राहिली.
"चंद्रामुळे येते ना बाई, मग रोज उशिरा का येते?
काल बाबाची होडी साडेनवाला सुटली,
आज सव्वादहाला."
मी तोंड उघडलं, सवयीनं.
आलं ते एवढंच: "माहीत नाही गं."

वर्ग असा गप्प झाला
की रिफायनरीचा भोंगा आत येऊन बसला.
वाहिदनं मागच्या बाकावरून विचारलं,
"मग आता?"

मग आता,
धक्क्याच्या खांबावर होडीच्या उरल्या रंगाचे पट्टे,
वीत-वीत अंतरावर.
कुणाची वीत, यावर अर्धा तास भांडण.
शेवटी लाकडी फूटपट्टी,
जी मी हातावर मारायला ठेवलेली,
पहिल्यांदाच काही मोजायला बाहेर पडली.

वाहिदच्या अब्बांचा तडकलेला फोन,
दिवसाउजेडी तासाला एक फोटो.
सहाव्या दिवशी अब्बा फोन घेऊन ड्यूटीवर गेले.
मी म्हटलं, तेवढं अंदाजानं भरा.
जुईली म्हणाली, "बघितलंच नाही ते कसं भरायचं?"
मी पुढे बोलले नाही.
अंदाजानं मी काय काय भरलंय आजवर,
किती वह्यांत.

फळ्यावरचं प्लास्टिक निघालं.
ठिपक्याला ठिपका लागत रेघ चढली, उतरली,
रोज थोडी उजवीकडे सरकत,
पंगतीत उशिरा आलेल्याला जागा द्यावी तशी.
मधे एक भोक, सहाव्या दिवसाचं.
मोबाइलमधलं अ‍ॅप मात्र दुसरीच वेळ सांगत होतं.
अ‍ॅप चुकलं, वाहिद म्हणाला.
अ‍ॅप कसं चुकेल, मी म्हणाले.
कुणीच चुकलं नव्हतं. ती वेळ अपोलो बंदरची.
खाडीत वळून आमच्यापर्यंत यायला
पाण्याला त्याचा त्याचा वेळ लागतो.

जाळं सांधत बसलेला दिगंबर नाखवा
इतके दिवस नुसता बघत होता.
"तिथीची पाऊणपट करा," म्हणाला. "अष्टमीला सहा."
पाऊणपट!
वडिलांनी छडीच्या तालावर घोकून घेतलेली पाऊणकी
चाळीस वर्षं कशाला म्हणून लागली नव्हती.
धक्क्यावर, मासळीच्या वासात, मी ती म्हटली:
दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन,
आठ पाऊणे सहा,
पंधरा पाऊणे सव्वाअकरा.
"बाई, हे कुठलं गाणं?"
आणि जुईली, आलेखावर बोट ठेवून:
"पण पुनवेला तर बारा वाजले होते.
नाखव्याचं चुकलं की आपलं?"

निरीक्षक आले. अभ्यासक्रम कुठवर आलाय, विचारलं.
मी म्हटलं, धक्क्यापर्यंत.
ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं,
खाली रेघ मारली.

आता घटक चाचणीचे पेपर पुढ्यात.
रिकाम्या जागा भरा:
भरती दररोज सुमारे ........ मिनिटे उशिरा येते.
जुईलीनं ठिपक्यांवर लिहिलंय:
कुठल्या धक्क्यावर?

लाल पेन हातात घेऊन मी बसले आहे.
चूक म्हणवत नाही,
बरोबर म्हणावं तर आकडा नाही.
पाऊण गुण द्यावा म्हणते.
पण गुण भरायच्या त्या पोर्टलवर
पाऊण टाइप होत नाही.