मचूळ

पहाटे साडेपाचला शटर वर करते.
आधी विहिरीचं पाणी जोखायचं, मग यंत्राचं.
वहीत दोन रकाने. आज
एकोणीसशे चाळीस, आणि ऐंशी.
या दोन आकड्यांच्या मधे
आमची वाडी रांगेत उभी असते,
कॅन पायाशी, पाचाचं नाणं मुठीत.

पूर्वी आकडा नव्हता.
मचूळ म्हणायचो, झालं.
तुरीची डाळ दोन तास रटरटायची
तरी दाणा दाण्याला ओळख देत नसे.
सोयरिकीला आलेले पाहुणे
पहिल्या घोटालाच एकमेकांकडे बघत.
इंदापूरकडच्या या काळ्या रानात
कालवा आला, ऊस आला,
आणि उसाच्या पाठोपाठ जमिनीतलं मीठ
न बोलावता वर येऊन बसलं.

मग पुण्याहून ट्रकभर नळकांडी आली.
भोसरीचा मेकॅनिक म्हणाला, आत मेंब्रेन आहे.
पोरं म्हणतात मेमरी.
मी दुरुस्त करत नाही.

म्हस्कूअण्णा कॅन अर्धाच भरतात,
उरलेल्यात घरच्या आडाचं ओततात.
‘नुसतं तुझं पाणी मुकं गं.
घशाखाली उतरतं, पण कुठून आलं
ते सांगत नाही.’
माझी धाकटी मात्र आडाचं पाणी
तोंडात धरून थुंकते.
दोघंही खरं बोलतात.

पाच हंडे आत गेले की तीन गोड होतात.
उरलेले दोन
सगळ्यांचं मीठ डोक्यावर घेऊन
मागच्या पाइपाने ओढ्याला जातात.
त्यांचा रकाना वहीत नाही.

काल मीटर तिथं बुडवला.
चार हजार सातशे.
पुसून पुन्हा बुडवला. तेवढेच.
काठावर पांढरा पापुद्रा धरलाय,
शेरडं दगड चाटत होती
आणि बाभळीच्या शेंड्याला पाला नव्हता.

ओढ्याच्या खालच्या अंगाला वायसेंचा आड.
त्यांची केवडा माझ्याकडे पाण्याला यायची
दिवसाआड.
या महिन्यात रोज येते.
‘आमचं जरा जास्तीच झालंय,’ म्हणते,
जास्ती काय, ते म्हणत नाही.

आज वहीत तिसरी रेघ ओढली.
पट्टी नव्हती, वाकडी आली.
वर काय लिहावं
ते सुचेपर्यंत केवडा आली,
कॅन तोटीखाली सरकवला.
मी म्हटलं, राहू दे गं आजचे पैसे.

पण नाणं यंत्रच घेतं.
फटीतून पडल्याशिवाय
पाणी सुटत नाही,
आणि पडलेलं
मला परत काढता येत नाही.