आकडा

काळाचौकीच्या जिन्याखाली, उंदरांच्या वासात,
टॉर्च दातांत धरून मी मीटर वाचतो.
सतरा वर्षं हेच. शून्य चार सात एक नऊ.
लोकांना वाटायचं, हा वीज मोजतोय.
मी बेरीज करत असायचो.
चार, सात, एक, नऊ. एकवीस. म्हणजे एक.
ओपनला एक्का.

आमच्या खात्यात आकडा म्हणजे चोरी:
रात्री तारेवर टाकलेली वायर, फुकटचा उजेड.
तसले आकडे मी उतरवले, पंचनामे लिहिले, सह्या घेतल्या.
माझा स्वतःचा आकडा मात्र
बबन लोटलीकरच्या चिठ्ठीवर रोज चढायचा,
साडेतीनच्या आत.

सोडायचं ठरवलं नव्हतं असं नाही.
सोसायटीच्या कर्जाच्या फॉर्मवर सही करताना ठरवलं,
लतिकानं काही न विचारता डबा भरला त्या सकाळी ठरवलं.
ठरवणं हीसुद्धा एक पैजच होती,
आणि तीही मी हरायचो.

मग फेब्रुवारीत पोरीला ताप आला.
थर्मामीटर दिव्याखाली तिरका धरला.
एकशे तीन.
लतिकानं विचारलं, किती?
आणि मी म्हणालो, चार.

ती बघत राहिली. चार म्हणजे?
काही नाही, म्हटलं, एकशे तीन. पाण्याच्या घड्या आण.
दुसऱ्या दिवशी चौक्यावर दोनशे लावले.
आला.
दोनशेचे अठराशे.
त्यातून औषध आणलं, मोसंबी आणली,
प्राजूच्या उशाशी बसलो
आणि माझ्या हातानं तिला गोळी देववेना.
पोरीच्या कपाळावरून उचलला होता मी तो आकडा.
हरलो असतो, तर बहुतेक अजून खेळत असतो.

दिवस मोजू नकोस म्हणतात.
मोजण्याशिवाय मला दुसरं येतं काय?
आज अकरावा.

तीन वाजले की तळहाताला घाम,
जिभेखाली नाणं ठेवल्यासारखी चव.
बसची पाटी, शववाहिनीचा नंबर,
केळीवाल्यानं सांगितलेला डझनाचा भाव,
सगळं कानाशी येऊन कुजबुजतं, लाव.
मी चौथ्या मजल्यावर चढतो. तिथे मीटर नाही.
नाखवाबाईंचं दार वाजवून पाणी मागतो.
त्यांना वाटतं, याचं वय झालं.
एक तांब्या साडेतीनपर्यंत पुरवतो.

बबन वाईट माणूस नाही.
काल रस्ता ओलांडून आला, तब्येत बरी ना भाऊ, म्हणाला,
पैशांचं राहू दे, लिहून ठेवतो.
कानामागे त्याची ती बोटभर पेन्सिल.
आईच्या कुशीत पोर असावं तशी बसली होती.
मी तिच्याशीच बोललो. नको म्हटलं.

रात्री लतिकाला सांगून टाकतो,
आज डोक्यात सत्तावन्न घोळतंय.
घोळू दे, ती म्हणते, भेंडी चिरत.
परवा सत्तावन्न खरंच आलं.
नळावर कुणीतरी बोललं.
मी अर्ध्या बादलीवरून उठलो, बसलो, पुन्हा उठलो.
किती झाले असते, ते झालं करून.
बादली वाहायला लागली.
तिनं येऊन नळ बंद केला.
तेवढंच.

आता प्राजू पाढे म्हणतेय, डोक्याला तेल थापून,
नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा,
नऊ त्रिक सत्तावीस,
आणि मी आतल्या आत सत्तावीस उचलतो,
तळव्यावर तोलून बघतो.
ती अडते. बाबा, पुढे?
घड्याळात पावणेनऊ. रात्रीचा बाजार उघडायचाय अजून.
छत्तीस, मी म्हणतो.
छत्तीस, म्हणत ती निघूनही जाते
पंचेचाळीस, चोपन्न, त्रेसष्ट,
मी अजून छत्तीसवर.