प्रत्येकी

सुकी नदीच्या काठी आमची शाळा, दोन खोल्यांची.
तिसरीच्या फळ्यावर मी आधी लिहिते तो शब्द
गुणाकार नाही.
प्रत्येकी.
पोरं वाचतात, पर-ते-की.
जोडाक्षर दातांत अडकतं
हरभऱ्याच्या सालासारखं.

परवा केळीचा घड मागवला होता,
ट्रकात न चढलेला, झाडावरच पिकलेला.
वाटलं, गट तर आयतेच पाडून ठेवलेत,
एक फणी, एक गट.
वरच्या फणीला निघाली सोळा,
तिच्याखाली पंधरा,
शेवटच्या फणीला अकरा आणि एक जुळं.
ते एक धरायचं की दोन,
यावर अर्धा वर्ग मधल्या सुट्टीपर्यंत भांडला.
गुणाकार राहिला.
बेरीज झाली, मग खाऊन वजाबाकी झाली,
सालं गोळा करायला मी एकटी.

कापसाची बोंडंही तशीच फितूर,
कुणात चार पाकळ्या, कुणात पाच.

म्हणून आज चिंचोके.
आणि खिचडीच्याच ताटल्या,
धुऊन पालथ्या घातलेल्या, अजून ओल्या.
तीन मांडा. प्रत्येकी चार.
समीना तडवी ओठांनी मोजते.
हर्षल नेहेते मोजत नाही, नुसता बघतो
आणि सांगतो, बाई, तिसरीत पाच पडले.
एक उचलावा लागतो.
सारखं असल्याशिवाय
माझा धडा पुढे सरकत नाही.

कितले?
बारा!
आता चार ताटल्या. प्रत्येकी तीन.
कितले?
बारा!
तीन चोक बारा, चार त्रिक बारा,
वर्ग डुलायला लागतो,
बाहेर केळीची फाटकी पानं वाजतात,
आणि मी दोन्हींच्या मध्ये खडूनं
बरोबरच्या दोन रेघा ओढते,
जरा ऐटीतच.

सुरमी बारेला हात वर करत नाही.
उभीच राहते.
तिचा बाप कटाईवर घड वाहतो,
खांद्यावरचा केळीचा डाग
तिच्याही फ्रॉकला आहे, काळपट, न निघणारा.
सारखं नाय, बाई.
मोज बरं.
मोजलं ना. बारा. पण सारखं नाय.

ती चौथी ताटली उचलून धरते.
तीन मांडल्या तर
मी, बुदा आन् रायसिंग.
पिंगली राहिली.
चार मांडल्या तर आमचा एकेक कमी,
पण पिंगली जेवली.

कोणी हसलं नाही.
हर्षलनं ताटल्यांकडे पाहिलं,
मग फळ्याकडे,
मग माझ्याकडे, जणू मीच काहीतरी लपवलं होतं.

प्रगती नोंदवहीत रकाना आहे,
संकल्पना समजली, होय किंवा नाही.
सुरमीच्या नावासमोर पेन टेकवलं.
तिथं शाईचा ठिपका पडलाय.

शाळा सुटल्यावर चिंचोके मोजून डब्यात भरले.
आणले होते अठ्ठेचाळीस,
निघाले सत्तेचाळीस.
एक कुणाच्या तरी खिशातून घरी गेला,
भाजायला, किंवा पिंगलीला दाखवायला.
दोन ताटल्या घेतल्या, तीन घेतल्या,
चार, पाच, सहा,
सत्तेचाळीसचे काही केल्या
सारखे गट पडेनात.
ऊन उतरेपर्यंत मी
जमिनीवर बसून मांडत होते.