उजवीकडची ओढ

जॅकखाली लाकडी फळी ठेवली, पाटीचा दगड नाही.
आमच्या ब्लायनायमध्ये तो पायलीचे पन्नास,
छपरावर तोच, कुंपणाला तोच, थडग्यावरही तोच,
पण भार पडला की पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतो.
हे मला गेथिननंच शिकवलेलं,
रेक्समला जायच्या आधी.
म्हणजे कायमचा जायच्या आधी.

उजवं चाक निघालं.
कॅलिपर तारेनं स्प्रिंगला टांगला,
नळीवर लोंबकळू द्यायचा नाही एवढं मला कळतं.
डिस्क धरून ठेवणारा स्क्रू एकच, नखाएवढा,
हिवाळ्या-हिवाळ्यात रस्त्यावर ओततात ते मीठ खाल्लेला,
आणि खाल्ल्या मिठाला जागणारा.
तेल पाजलं. चहा प्याले. पुन्हा तेल पाजलं.
त्याचं डोकं घासून गुळगुळीत झालं,
मग ड्रिल.

हेलेद टॉर्च धरून,
उजेड चाकावर कमी, गल्लीत जास्त.
"आई, गॅरेजला का नाही देत?"
गॅरेजवाला मागतो तेवढ्यात
अशीच आणखी एक म्हातारी गाडी येईल, म्हटलं.

मागून हातोडी. तीन घाव, चौथा.
डिस्क सुटून मांडीवर आली
आणि आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात तारीख:
नऊ नोव्हेंबर, अकरा वर्षांपूर्वीची.
त्याचं अक्षर. तारखा घालायचं वेडच होतं त्याला:
बॅटरीवर, बॉयलरवर, फ्रीझरमधल्या मटणावर.
हबवर तारेचा ब्रश फिरवताना मी हसलेसुद्धा.

मग डावं चाक.

डावीकडे तारीख नव्हती.
घासलं, पुसलं, हेलेदनं टॉर्च जवळ आणला.
होता फक्त कंपनीचा शिक्का, गाडीबरोबर आलेला,
आतल्या अंगाला गंजाचे खड्डे
आणि कडेला अशी धार की बोट कापलं.
दोन्ही बदलल्यात, तो म्हणाला होता.
डिस्क जोडीनंच बदलायच्या असतात,
हेही तोच म्हणाला होता.

म्हणजे ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढ घ्यायची
ती माझ्या हातांची खोड नव्हती.
"तू स्टिअरिंग वाकडं धरतेस, एलिनेद."
खिंडीचा उतार, समोरून लॉरी,
मागच्या सीटवर गाणं म्हणणारी पोर,
आणि मी दोन्ही हात डावीकडे तोलून.
अकरा वर्षं.
आपल्यालाच जमत नाही, असं धरून.

हेलेद गप्प. मग मनाशी मोजून म्हणाली,
"त्या नोव्हेंबरात मला चष्मा लागला."
हो. आणि त्याच महिन्यात खाणीनं माणसं कमी केली.
भंगारवाल्याकडे एकच मिळाली असेल.
एकीपुरतेच पैसे असतील.
असतील.
पण बायकोला सांगायला किती पैसे लागतात?

खोटं त्यानं तोंडी सांगितलं, लिहून दिलं नाही.
डावीकडे तारीख घालायला त्याचा हात धजला नाही.
हेही दिसलं मला, आणि कुठे ठेवावं कळेना;
बाकी नट, पाना, चिंधी,
सगळ्याला ताटली होती.

नव्या डिस्कवरचं तेल पुसलं.
दोन्हींच्या आत तारीख घातली, हेलेदच्या नेलपॉलिशनं,
जांभळी. दोन्हींच्या.
पॅड बसवले, पिस्टन मागे दाबला, चाकं चढवली.
पहिल्यांदा पेडल दाबलं तर पायाखाली काहीच नाही,
पार तळापर्यंत पोकळ.
घाबरायचं नाही, दाबत राहायचं.
सातव्या वेळी पाय अडला.

संध्याकाळी उतारावर गेलो.
चर्चच्या वळणाआधी ब्रेक दाबला,
गाडी सरळ, अगदी सरळ थांबायला निघाली
आणि माझे हात सवयीनं डावीकडे वळले.
कुंपणाच्या पाट्यांना आरसा खरवडला.
"आई!"

काही नाही, म्हटलं.
गाडीला कळलंय.
हातांना अजून कोणी सांगितलेलं नाही.