चेंबर नंबर सतरा

वडगावात पाणी पाचव्या दिवशी येतं.
सोडणारा मी.
पहाटे साडेचारला, लांब चावी खांद्यावर,
माग बंद असतात तेव्हा, आणि गल्लीला
खळीचा आंबूस वास असतो.

सतरा नंबरचं झाकण उचललं
की वॉल्वच्या आधी तो दिसतो,
चाकाच्या आड, भिंतीला,
हातपाय पोटाखाली दुमडून,
बाजाराची रिकामी पिशवी घडी घालून ठेवावी तसा.
पाण्यात कधी बसत नाही. पाण्याच्या वर बसतो.
उन्हाळ्यात पांढरट पडतो, सिमेंटच होतो.
बॅटरी मारली की डोळ्यातली आडवी फट
जराशी बारीक करतो.
बस्स, तेवढंच बोलणं आमचं.

एकदा मनगटावर चढला होता.
गार. बोटांच्या टोकांना
ज्वारीच्या दाण्याएवढ्या चकत्या,
काढताना चट्‌ चट्‌ सुटल्या.
पाय ताणला तेव्हा मांडीला पिवळे ठिपके दिसले.
वरून धुवट सदरा,
आत भारीतलं अस्तर.

झुरळ धरतो आणि डोळे मिटतो.
मी म्हटलं चव घेतोय.
तर नाही, डोळे आत ओढून
डोळ्यांनीच घास खाली ढकलतो.

शेवंता कांड्या भरते, तिचं दार चेंबरला लागून.
म्हणाली, भरमाणी, तुझ्या त्या खड्ड्यात
रात्रभर कोण माग चालवालाय गा?
टक्‌. टक्‌-टक्‌. मग बराच वेळ काही नाही.
धागा तुटलाय त्याचा, बांधायला माणूस नाही.

वॉल्व गळतो. दोन वर्षं झाली.
तळाशी वीतभर पाणी.
आषाढात झाकण उचललं तर मादी होती,
त्याच्या दीडपट. तो पाठीवर,
आणि ती मागच्या पायांनी घुसळत होती
आपलंच ओलं, आपलीच अंडी,
काहिलीवर मळी चढते तसा फेस चढत होता
पाण्याच्या हातभर वर, भिंतीला.
त्या दिवशी गल्लीला पाणी
वीस मिनिटं उशिरा आलं.
शिव्या खाल्ल्या. कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसनगौडर साहेब.
वाकून पाहिलं. फेस दिसला नाही त्यांना, गळती दिसली.
ग्लँडला नवी दोरी भर, म्हणाले, आजच.
दोरी माझ्या खिशात होती.

रजिस्टर कन्नडात लिहायचं असतं.
माझं कन्नड बोलायला सरळ, लिहायला वाकडं.
वाकडंच लिहिलं: हग्ग इल्ल.
दोरी नाही.

पाचव्या दिवशी फेस खालून पातळ झाला होता
आणि पाण्यात स्वल्पविराम हलत होते.
हग्ग इल्ल.
पुढच्या पाण्याला शेपट्या लांबल्या. हग्ग इल्ल.
मागचे पाय आले. हग्ग इल्ल.
एकदा वरच्या लाईनला प्रेशर जास्त आलं,
चेंबर काठापर्यंत भरलं,
किती वाहून गेले मोजता आले नाहीत.
तरी लिहिलं.
दहा पाणी लिहिलं.
साहेबांनी दर वेळी सही केली.

मग नखाएवढे, अजून शेपटीचा शेंडा असलेले,
सिमेंटवरून वर चढताना पाहिले. अकरा.
बाराव्याला बोटाने हात दिला, नको होता त्याला.

त्यानंतर दोरी भरली. चांगली आवळली.
तळ सुकला. भिंतीवर फेसाची साल राहिली,
करपलेल्या साईसारखी.
तो नव्हता.
पुढच्या पाण्यालाही नव्हता.
झाकण बसवताना त्या दिवशी
बोट चेंगरलं, तेवढंच.

गणपती उठल्यावर शेवंता दारात उभी.
भरमाणी, तुझा माणूस माझ्या न्हाणीत आलाय.
बादलीमागं बसतोय.
मी आंघोळीला गेले की माझ्याकडंच बघालाय.
तिकडं तोंड कर म्हणून किती सांगितलं,
ऐकतच नाही मेला.

मी चावी खांद्यावर घेतली.
म्हटलं, कन्नडात सांगून बघ.